अभिभाषण सर्वांनी पाहिले, कागद कोणी वाचला?

दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस संसदेचे अर्थसंकल्पीय अधिवेशन सुरू होते आणि पहिल्या दिवशी राष्ट्रपती दोन्ही सभागृहांच्या सदस्यांपुढे अभिभाषण करतात. सकाळी अकराच्या सुमारास ते दूरदर्शनवर दिसते. आमच्या मुंबई उपनगरांत ही वेळ शटर वर करून बोहनीची वाट पाहण्याची. त्यामुळे दुकानात टीव्ही असेल तर तो चालू असतो, आवाज मध्यम असतो आणि मालक, नोकर, समोरचा चहावाला असे सारेच थोडे थोडे पाहून घेतात. त्यानंतरच्या अर्थसंकल्पाला मात्र आमचे व्यापारी बंधू कागद-पेन्सिल घेऊन बसतात. अभिभाषणाच्या वाट्याला असे भाग्य येत नाही. ते पाहिले जाते, ऐकले जात नाही. ऐकले तरी वाचले कधीच जात नाही.

आमचे म्हणणे असे की, व्यापारी आणि कारीगर यांचे यात नुकसान होते. ते कसे, हे सांगण्यासाठीच हा मजकूर लिहीत आहोत.

हा कागद कोणाचा?

प्रथम अभिभाषण म्हणजे काय ते पाहू. राज्यघटनेच्या ८७ व्या कलमाप्रमाणे लोकसभेच्या प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीनंतरच्या पहिल्या अधिवेशनात आणि दरवर्षीच्या पहिल्या अधिवेशनाच्या प्रारंभी राष्ट्रपतींनी संसदेला उद्देशून भाषण करायचे असते. सुरुवातीला ते प्रत्येक अधिवेशनाला करावे लागे. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ते वर्षातून एकदा झाले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर १६ मे १९५२ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी असे अभिभाषण केले. पुढे २० डिसेंबर १९८९ रोजी राष्ट्रपती आर. वेंकटरामन यांचे अभिभाषण दूरदर्शनने थेट दाखविले आणि संसदेचे थेट प्रक्षेपण या देशात तेव्हापासून सुरू झाले. २०२१ पासून संसद टीव्ही ही स्वतंत्र वाहिनीच आहे.

आता महत्त्वाची गोष्ट. वाचतात राष्ट्रपती, पण भाषण असते सरकारचे. मंत्रिमंडळ ते मंजूर करते. म्हणूनच त्यात ‘माझे सरकार’ असे शब्द येतात. याचा सर्वांत सोपा दाखला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा. फेब्रुवारी २००३ मध्ये त्यांनी वाजपेयी सरकारचे अभिभाषण वाचले आणि जून २००४ मध्ये मनमोहनसिंग सरकारचे. माणूस तोच, आवाज तोच, पण कागद वेगळा. त्या दिवसांत आमच्या मोहल्ल्यांतले कितीतरी लोक केवळ कलामसाहेब दिसणार म्हणून टीव्हीसमोर बसत. अभिमान वाटणे योग्यच होते. परंतु जो कागद ते वाचत होते त्याचे मालक ते नव्हते, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नसे.

व्यापारी भाषेत सांगायचे तर अभिभाषण म्हणजे सरकारने वर्षारंभी दिलेले कोटेशन आहे. मागील मालाचा हिशेब त्यात असतो आणि पुढे काय पाठवणार याची नोंद असते. कोटेशन आणणाऱ्या माणसाचे कपडे पाहून कोणी सौदा करीत नाही. आकडे पाहूनच करतो.

वसुलीच्या फेरीत ऐकलेले

आमचा धंदा अस्तर, फॉल, ब्लाऊज पीस आणि सुती तागे यांचा. घाटकोपरच्या दुकानातून अंधेरी, बोरिवली, मुलुंड येथील शिंपी व लहान दुकानदार यांना माल जातो आणि आठवड्यातून दोनदा उधारीच्या वसुलीसाठी आम्ही या बाजूंना फिरतो. वसुलीला गेलेल्या माणसाला पैसे उशिरा मिळतात, पण बातम्या लवकर मिळतात.

३१ जानेवारी २०२५ चे अभिभाषण शुक्रवारी होते. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू जवळजवळ तासभर वाचत होत्या. जुम्याच्या नमाजाआधी दुकानात बसलेल्या सर्वांनी ते कमी-अधिक पाहिले. त्यानंतरच्या आठवड्यात आम्ही जिथे जिथे गेलो तिथे तिथे लोकांना विचारीत गेलो की, बाबा रे, काय ऐकलेस?

घाटकोपरमध्ये आमच्याच दुकानातला नोकर म्हणाला, “शेठ, एवढा वेळ उभं राहून वाचणं सोपं आहे का? आमच्या अम्मीच्या वयाच्या असतील.” ओडिशातील मयूरभंज जिल्ह्याच्या संथाल घरातून आलेली, रायरंगपूरच्या शाळेत शिकवलेली स्त्री देशाच्या सर्वोच्च पदावर बसते, याचे त्याला कौतुक होते. हे कौतुक आम्हालाही आहे.

अंधेरीच्या एका शिंपी मास्तरांनी बाके किती वेळा वाजली ते मोजले होते. कोण हसले, कोण गप्प बसले, कॅमेरा कोणावर किती वेळ थांबला, हे त्यांना पाठ होते. भाषणात काय होते, असे विचारताच त्यांनी सुईत दोरा ओवायला घेतला.

बोरिवलीचे एक रेडिमेडचे दुकानदार म्हणाले, “आम्ही आयकराचं काही येतं का एवढंच पाहत होतो. आलं नाही, बंद केलं.” आयकराची सूट दुसऱ्या दिवशी, १ फेब्रुवारीला, अर्थसंकल्पात आली. नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागणार नाही, ही ती घोषणा. त्यांनी दुकान चुकीचे निवडले होते असे म्हणता येईल. सोन्याच्या पेढीवर जाऊन कोणी मलमल मागत नाही.

मुलुंडमध्ये घरी बसून कपड्यांचे धागे कापण्याचे आणि बटणे लावण्याचे काम करणाऱ्या एका आपांनी मात्र एक शब्द नेमका धरला होता: ‘लखपती दीदी’. त्यांनी विचारले, “भाईजान, याचा फॉर्म कुठं मिळतो?” त्यांना सांगावे लागले की, ही योजना ग्रामीण उपजीविका अभियानातील बचत गटांच्या भगिनींसाठी आहे, मुलुंडच्या चाळीतील बाईला ती लागू नाही. त्यांचा चेहरा उतरला. पण खरे सांगायचे तर त्या आठवड्यात आम्हाला भेटलेल्या सर्वांत जागरूक प्रेक्षक त्याच होत्या. त्यांनी भाषणात स्वतःचे नाव शोधले होते.

दुपारपासूनचा गोंधळ

अभिभाषण संपले आणि संसदेच्या आवारात सोनिया गांधी यांच्या तोंडून राष्ट्रपतींबद्दल दोन शब्द निघाले: भाषणाच्या शेवटी त्या फार थकल्या होत्या, ‘पुअर थिंग’. राष्ट्रपती भवनाने निवेदन काढून हे उद्गार पदाच्या प्रतिष्ठेला धक्का देणारे आहेत असे म्हटले. पंतप्रधानांनी दिल्लीच्या प्रचारसभेत तो विषय घेतला. काँग्रेसच्या बाजूने सांगण्यात आले की, ती सहानुभूती होती, अपमान नव्हे. दुपारपासून रात्रीपर्यंत सर्व वाहिन्यांवर तेच चालले.

कोण बरोबर, कोण चूक, याचा निवाडा आम्ही करीत नाही. आमचे लक्ष दुसरीकडे आहे. आमच्या नोकराने सकाळी जे सहज म्हटले होते, जवळपास तीच गोष्ट दुपारी दिल्लीत वादाचे मूळ ठरली आणि संपूर्ण देश त्या दोन शब्दांवर भांडत बसला. तासभराच्या भाषणातून प्रेक्षकांच्या पदरात काय पडले? थकवा होता की नव्हता, एवढेच. शनिवारी अर्थसंकल्प आला आणि अभिभाषण जुने झाले.

टीव्ही चेहरा दाखवतो, कागद दाखवू शकत नाही. हा टीव्हीचा दोष मानला तरी त्याची भरपाई प्रेक्षकालाच करावी लागते.

ऐकले एक, होते एक

आता कागदाकडे वळू. त्या अभिभाषणात मुद्रा कर्जाची मर्यादा दहा लाखांवरून वीस लाख केल्याचा उल्लेख होता. ही बातमी दुकानादुकानांत पोचली आणि दोन-तीन तरुणांनी आम्हाला विचारले की, आता सरळ वीस लाखांसाठी अर्ज करू का? वस्तुस्थिती अशी आहे. एप्रिल २०१५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत पन्नास हजारांपर्यंत ‘शिशु’, पाच लाखांपर्यंत ‘किशोर’ आणि दहा लाखांपर्यंत ‘तरुण’ असे तीन टप्पे होते. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात वीस लाखांची घोषणा झाली आणि ‘तरुण प्लस’ हा चौथा टप्पा आला. परंतु तो त्यांच्यासाठीच, ज्यांनी ‘तरुण’ टप्प्यातील कर्ज घेऊन ते व्यवस्थित फेडले आहे. ज्याने आजवर बँकेचा उंबरा ओलांडला नाही त्याच्यासाठी वीस लाखांचे दार उघडलेले नाही. अभिभाषणातील वाक्य खोटे नव्हते. अट मात्र त्या वाक्यात नव्हती. अट नेहमी कागदाच्या पुढच्या पानावर असते, हे व्यापाऱ्याला कोणी शिकवायला हवे का?

दुसरे उदाहरण ३१ जानेवारी २०२४ च्या अभिभाषणाचे. नव्या संसद भवनातील ते पहिले अभिभाषण. त्यात विश्वकर्मा योजनेचा उल्लेख आला. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली ही योजना पारंपरिक कारीगरांसाठी आहे. प्रशिक्षणाच्या काळात रोज पाचशे रुपये, अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाख व नंतर दोन लाख कर्ज. ऐकणाऱ्या प्रत्येक कारीगराला वाटले की, ही आपली योजना.

योजनेच्या यादीत अठरा धंदे आहेत. सुतार, लोहार, सोनार, कुंभार, चर्मकार, गवंडी, न्हावी, परीट, माळी, कुलूप बनवणारे, जाळी विणणारे असे ते धंदे. त्यांत शिंपी आहे. जरीकाम करणारा, अड्ड्यावर बसून भरतकाम करणारा कारीगर त्या यादीत वेगळा नोंदलेला नाही. यंत्रमागावरचा विणकरही नाही. अंधेरी पूर्वेला साकीनाक्याच्या एका गल्लीत एका जरी कारीगराने फॉर्म भरून देणाऱ्या दलालाला पैसे मोजले. वास्तविक नोंदणी मोफत आहे. दलालाने त्याला शिंपी लिहिले. चौकशीच्या वेळी मशीन कुठे, असे विचारले गेले. त्याच्याकडे मशीन कुठले, त्याच्याकडे अड्डा होता. अर्ज परत आला, दलाल सापडला नाही आणि महिनाभराच्या बचतीला चाट बसली ती वेगळीच.

अभिभाषण ऐकल्यावर आठ-पंधरा दिवसांत गल्लीत दलालांची वर्दळ वाढते, हे आम्ही वारंवार पाहतो. अर्धवट ऐकलेल्या भाषणावर पोट भरणारा हा एक धंदाच आहे. ज्याने यादी वाचली त्याच्याकडे दलाल फिरकत नाही.

तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. त्याच २०२५ च्या अभिभाषणात वक्फ कायद्याच्या दुरुस्तीचाही उल्लेख होता. त्या वाक्यापाशी आमच्या दुकानातले बोलणे थांबले, हे आम्हाला आठवते. कोणीतरी म्हणाले, “अजून नुसतं विधेयक आहे, पाहू.” आदल्याच दिवशी, ३० जानेवारीला, संयुक्त समितीचा अहवाल लोकसभा अध्यक्षांकडे गेला होता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केले, ५ एप्रिलला राष्ट्रपतींची सही झाली आणि ८ एप्रिलपासून कायदा अमलात आला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशाने त्यातील काही तरतुदींना स्थगिती दिली. कायद्याच्या गुणदोषांची चर्चा या पानाचा विषय नाही. सांगायचे ते इतकेच की, जे वाक्य जानेवारीत कानावरून गेले, ते सुमारे नऊ आठवड्यांत कायदा होऊन दारात आले. वक्फच्या जागेत पिढ्यान् पिढ्या भाडेकरू असलेल्या दुकानदारासाठी ती आगाऊ नोटीस होती. अनेकांनी ती बातमी म्हणून ऐकली.

आणि हेही लक्षात घ्यावे की, ते वाक्य वाचणाऱ्या आणि कायद्यावर सही करणाऱ्या राष्ट्रपती एकच. दोन्ही गोष्टी त्या मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच करतात. म्हणून त्यांच्या व्यक्तीवर राग धरण्यात अर्थ नाही आणि केवळ त्यांच्या व्यक्तीवर खूष होण्यातही नाही.

“मग ऐकून करायचे काय?”

बोरिवलीच्या त्या दुकानदारांनी आम्हाला उलट प्रश्न केला. ते म्हणाले, “कपड्याच्या धंद्यात अलीकडे जे मोठे बदल झाले, त्यांतला एक तरी या भाषणातून कळला का?” प्रश्न रास्त आहे.

पंचेचाळीस दिवसांचा नियम घ्या. सूक्ष्म व लघु उत्पादकाकडून घेतलेल्या मालाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत आणि करार नसेल तर पंधरा दिवसांत दिले पाहिजेत. उशीर झाला तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च आयकरात वजा धरला जात नाही. हा नियम २०२३ च्या वित्त कायद्यातून आला. तीन-तीन महिन्यांच्या उधारीवर चालणाऱ्या कापड बाजारात २०२४ च्या सुरुवातीला त्याने खळबळ उडवली. तसेच जीएसटीचे. दर कमी होणार हे पंतप्रधानांनी १५ ऑगस्ट २०२५ रोजी लाल किल्ल्यावरून सांगितले, ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने निर्णय घेतला आणि २२ सप्टेंबरपासून अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्यांवर पाच टक्के, त्यापुढे अठरा टक्के कर झाला. पूर्वी पाच टक्क्यांची मर्यादा एक हजार रुपये होती आणि पुढे बारा टक्के होते. अभिभाषणात हे काही नव्हते.

आमचे उत्तर असे. अभिभाषण ही दरांची यादी नाही, ती दिशेची खूण आहे. कराचे तपशील त्यात शोधू नयेत. पण सरकार कोणाला आपले गिऱ्हाईक समजते, कोणाचे नाव घेते, कोणाचे टाळते आणि कोणता कायदा रांगेत उभा आहे, हे त्यातच कळते. वारा कुठल्या बाजूचा आहे हे होडीवाल्याला कळले पाहिजे. मासे किती मिळतील हे वारा सांगत नाही.

परदेशातील एक उदाहरण देतो. अमेरिकेचे अध्यक्षही काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांपुढे भाषण करतात. तिथला अध्यक्ष स्वतःच सरकारचा प्रमुख असल्यामुळे ते भाषण त्याचे स्वतःचे असते. ४ मार्च २०२५ च्या रात्री डोनाल्ड ट्रम्प यांनी असे भाषण केले, तेव्हा आपल्याकडे ५ मार्चची सकाळ होती. रमजानचे दिवस होते. त्यात त्यांनी जास्त आयात शुल्क घेणाऱ्या देशांत भारताचे नाव घेतले आणि २ एप्रिलपासून जशास तसे शुल्क लावण्याची घोषणा केली. अंधेरीच्या सीप्झमध्ये, जिथून जडजवाहीर मोठ्या प्रमाणावर अमेरिकेला जाते, तिथे काम करणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी आम्हाला सांगितले की, त्यांच्या मालकाने त्या भाषणातील एक-एक वाक्य लिहून घेतले. त्यांनी टाळ्या मोजल्या नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर अमेरिकेचे शुल्क आधी पंचवीस आणि मग पन्नास टक्के झाले, तेव्हा त्या मालकाचे नुकसान टळले असे नाही. पण त्यांनी काही माल आधीच रवाना केला होता आणि काही ऑर्डरींचे हप्ते बदलून घेतले होते. परक्या देशाच्या अध्यक्षाचे भाषण आपण व्यापाऱ्याच्या कानाने ऐकतो आणि आपल्या राष्ट्रपतींचे तमाशगीराच्या डोळ्यांनी पाहतो, हे काही बरोबर नाही.

आपल्या विधान भवनातील दाखला

आपल्या राज्यातही हाच प्रकार घडला आहे. घटनेच्या १७६ व्या कलमाप्रमाणे राज्यपालही विधिमंडळापुढे असेच अभिभाषण करतात. ३ मार्च २०२२ रोजी राज्यपाल भगतसिंग कोश्यारी यांनी घोषणांच्या गदारोळात जेमतेम काही ओळी वाचल्या आणि ते निघून गेले. सत्ताधारी छत्रपती शिवाजी महाराजांविषयीच्या त्यांच्या वक्तव्यावरून घोषणा देत होते, विरोधक एका मंत्र्याच्या राजीनाम्यासाठी. प्रेक्षकांनी ते दृश्य पुनःपुन्हा पाहिले. राज्य सरकार त्या वर्षी काय करणार होते तो छापील मजकूर मात्र कोणाच्या चर्चेत आला नाही. दुकानात दोन भागीदार भांडतात तेव्हा गिऱ्हाईक तमाशा पाहते, पण माल तपासायचे विसरते. अशा वेळी खराब माल सहज खपून जातो.

करावे काय?

आमच्या व्यापारी व कारीगर बंधूंपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो.

पहिली गोष्ट वाचण्याची. अभिभाषणाचा संपूर्ण मजकूर त्याच दिवशी हिंदी व इंग्रजीत प्रसिद्ध होतो आणि कोणालाही फुकट मिळतो. आम्ही उर्दू माध्यमात शिकलो. संस्कृत वळणाची सरकारी हिंदी कानावर पडली की, आमच्या वयाच्या पुष्कळांना अर्धे वाक्य निसटते. पण घरात मराठी किंवा इंग्रजी माध्यमात शिकणारी मुले आहेत. त्यांना समोर बसवावे आणि वाचून घ्यावे. आपल्या धंद्याशी संबंधित तीन वाक्ये वहीत उतरवावीत. तिन्हींपुढे तीन रकाने ठेवावेत: कोणाला लागू, अट काय, त्यानंतरच्या अर्थसंकल्पात पैसे ठेवले का? २०२५ च्या अर्थसंकल्पात उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगांना पाच लाखांपर्यंतच्या क्रेडिट कार्डाची आणि सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी कर्जहमीची मर्यादा पाच कोटींवरून दहा कोटी करण्याची घोषणा झाली. ज्याच्या वहीत रकाना तयार होता त्याने ती नोंद केली. बाकीच्यांना चार महिन्यांनी दलालाकडून कळले.

दुसरी गोष्ट जुनी वही काढून पाहण्याची. आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना ४ जून २००९ च्या अभिभाषणात सरकारने शंभर दिवसांत हाती घ्यायच्या कामांत महिला आरक्षण विधेयकाचे नाव घेतले होते. मार्च २०१० मध्ये राज्यसभेने ते मंजूर केले आणि लोकसभेत ते अडकले. अखेर कायदा झाला तो सप्टेंबर २०२३ मध्ये, नवे विधेयक आणून, आणि त्याचीही अंमलबजावणी जनगणना व मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर. शंभर दिवसांचा वायदा आणि चौदा वर्षांचा उशीर. गिऱ्हाईकाची उधारी आपण चौदा दिवस विसरत नाही. सरकार कोणत्याही पक्षाचे असो, वायद्याची तारीख वहीत असली पाहिजे.

तिसरी गोष्ट बोलण्याची. अभिभाषणानंतर दोन्ही सभागृहांत आभारप्रदर्शक ठरावावर चर्चा होते आणि खासदार त्याला दुरुस्त्या सुचवू शकतात. अभिभाषणात अमुक विषय आला नाही याची खंत वाटते, असे त्या दुरुस्तीत म्हणता येते. ही केवळ औपचारिकता नाही. ३ मार्च २०१५ रोजी राज्यसभेने सीताराम येचुरी यांची काळ्या पैशाविषयीची दुरुस्ती मंजूर केली आणि मार्च २०१६ मध्ये गुलाम नबी आझाद यांची पंचायत निवडणुकीच्या अटींविषयीची. सरकार पडले नाही, परंतु नोंद कायमची झाली.

म्हणजे अभिभाषणानंतरचे आठ-दहा दिवस हे खासदाराला भेटण्याचे दिवस आहेत. बोरिवलीचा समावेश असलेल्या उत्तर मुंबईतून २०२४ मध्ये पीयूष गोयल निवडून आले आणि केंद्रात वाणिज्य व उद्योगमंत्री झाले. मुलुंड व घाटकोपर ज्यात येतात त्या ईशान्य मुंबईतून संजय दिना पाटील निवडून आले. अंधेरी ज्यात आहे त्या वायव्य मुंबईत रवींद्र वायकर अवघ्या ४८ मतांनी विजयी झाले. अठ्ठेचाळीस मते! अंधेरीच्या एका चाळीत यापेक्षा अधिक शिंपी आणि कारीगर राहतात. जिथे निकाल इतक्या थोड्या मतांवर लागतो, तिथे जरी कारीगरांचे नाव विश्वकर्मा योजनेच्या यादीत का नाही, हा प्रश्न घेऊन पन्नास माणसे दारात गेली तर त्यांना आत बोलावले जाईलच. प्रश्न मात्र लेखी असावा, एका पानाचा असावा आणि त्यात अभिभाषणातील तेच वाक्य उतरवलेले असावे.

हे काम एकट्या दुकानदाराचे नाही, संघटनांचे आहे. आपल्या बाजारांच्या संघटना ईद-दिवाळीला रोषणाई करतात, वाहतुकीच्या प्रश्नावर पोलीस ठाण्यात जातात, हे चांगलेच आहे. वर्षातून एक संध्याकाळ त्यांनी अभिभाषणाच्या वाचनाला द्यावी. पंचवीस-तीस माणसे, एक वाचणारा, एक लिहून घेणारा आणि चहा, इतकाच खर्च. मुलुंडच्या त्या आपांनाही बोलवावे. ‘फॉर्म कुठे मिळतो’ हा त्यांचा प्रश्न योजनेच्या बाबतीत चुकीच्या दारावर गेला असेल, पण प्रश्नाची जात योग्य होती. शहरात घरबसल्या फिनिशिंग करणाऱ्या स्त्रीसाठी ‘लखपती’ होण्याची कोणती योजना आहे, हा तिचा खरा प्रश्न आहे आणि तो संसदेत कोणीतरी विचारलाच पाहिजे.

राष्ट्रपतिपदाचा मान राखावा, तो राखलाच पाहिजे. पण मान राखण्याचा उत्तम मार्ग म्हणजे त्या पदावरून जे वाचले जाते ते नीट वाचणे. पुढच्या वेळी भाषण संपल्यावर कोण थकले, कोण हसले, हे ज्याला बोलायचे असेल त्याने बोलावे. आमच्या बंधूंनी तोवर वही उघडून पहिले वाक्य लिहून घेतलेले असावे.